ब्रेक ड्रमवरचा लेझर सेन्सर: दुपारी कमी का दाखवतो, आणि गॉगल लागतो का?

प्रश्न शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमधून आलाय. बीडाचे (कास्ट आयर्नचे) ब्रेक ड्रम सीएनसीवर टर्न होतात. बसणाऱ्या फेसपासून तोंडापर्यंतची उंची १५० मिमी, टॉलरन्स ±०.०५. पूर्वी डायल स्टँडवर बघायचे. आता लाइनशेजारी फिक्स्चर करून वर लेझर डिस्प्लेसमेंट सेन्सर लावलाय. त्याचं मोजायचं अंतर ५० मिमी आणि रेंज त्याच्या वर-खाली १० मिमी. सकाळी मास्टरवर (उंची नेमकी माहीत असलेल्या नमुना ड्रमवर) झीरो केला की सगळं बरोबर येतं, पण दुपारी तोच पीस साधारण ३० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) कमी दाखवतो. शिवाय आकडा एका जागी थांबत नाही. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, ते लाल बघून डोळं चुरचुरतंय", म्हणून फोरमननं गॉगल मागितलेत. सप्लायरचं म्हणणं, हा सेन्सर काढा आणि वरच्या दर्जाचा घ्या.

सेन्सर बदलू नका. निदान आत्ता तरी नको.

तुमचा सेन्सर ड्रमची उंची मोजतच नाही. तो फक्त त्याच्या काचेपासून खाली पडलेल्या ठिपक्यापर्यंतचं अंतर सांगतो. ठिपक्याचा उजेड तिरक्या कोनातून रिसीव्हरच्या लेन्समध्ये येतो आणि आतल्या चिपवर एका जागी पडतो. जॉब वर-खाली झाला की ती जागा सरकते, त्यावरून अंतर निघतं. उंची आपण काढतो, आणि ती काढताना खांब, ब्रॅकेट, बसवायच्या पट्ट्या, जॉबचं तापमान हे सगळं बिनबोलावता हिशोबात येतं. म्हणून 'सेन्सर चुकतोय' असं म्हणण्याआधी चूक कुठून येते ते एकेक करून वेगळं काढावं लागतं.

दुपारच्या ३० मायक्रॉनपासून सुरू करू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खांब ॲल्युमिनियम प्रोफाइलचा दिसतो. जॉब १५० मिमी आणि वर ५० मिमी अंतर, म्हणजे बैठकीपासून सेन्सरपर्यंत साधारण २०० मिमी ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम एका मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे २०० मिमीला ४.६ मायक्रॉन. बीड त्याच हिशोबात सुमारे ११, म्हणजे १५० मिमीच्या ड्रमला १.६५ मायक्रॉन. खांब वाढला की सेन्सर वर जातो, अंतर जास्त येतं आणि जॉब बुटका वाटतो. जॉब स्वतः वाढतो तो उलट दिशेनं. वजाबाकी केली की दर अंशाला ३ मायक्रॉन कमी. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी आठ ते दुपारी तीन एवढ्या वेळात १० अंशांचा फरक पडणं आपल्याकडे उन्हाळ्यात काही विशेष नाही. १० गुणिले ३ म्हणजे ३०. तुमचा आकडा इथेच सापडतो.

हे गणित बरोबर आहे की नाही ते तपासायला खर्च शून्य. मास्टर फिक्स्चरवर ठेवा, हात लावू नका, दर तासाला रीडिंग आणि शेडचं तापमान वहीत लिहा. दोन्ही आकडे हातात हात घालून सरकत असतील तर प्रश्न तापमानाचा. तापमान स्थिर असताना रीडिंग एकदम उडी मारत असेल तर ब्रॅकेटचा बोल्ट ढिला असेल किंवा मास्टरखाली कचरा गेला असेल.

तापमानानं सेन्सरचा स्वतःचा आकडाही सरकतो, हे इथे सांगायला हवं. कॅटलॉगमध्ये ते सरकणं रेंजच्या टक्क्यात लिहितात. समजा दर अंशाला ०.०१ टक्के, तर २० मिमी रेंजला २ मायक्रॉन होतात, आणि ते कोणत्या दिशेनं जातील ते आधी सांगता येत नाही. त्यामुळे वरचा हिशोब शंभर टक्के जुळेल असं नाही. पण उपाय एकच राहतो. खांब स्टीलचा किंवा बीडाचा करा, आणि दिवसातून एकदाऐवजी तासातासाला मास्टर लावा. स्टीलच्या खांबानं तीच वजाबाकी दर अंशाला पाऊण मायक्रॉनच्याही खाली येते. मास्टर ड्रमच्याच बीडातून टर्न करून घ्या, नंबर टाका, उंची एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमधून काढून घ्या आणि तो फिक्स्चरशेजारीच ठेवा. क्वालिटी रूमच्या एसीमध्ये ठेवलेला मास्टर गरम शेडमध्ये आणून लगेच लावला की नवा घोळ सुरू होतो.

गरम जॉबचंही तसंच. बीड बऱ्याच ठिकाणी कोरडंच टर्न करतात. चकमधून निघालेला ड्रम मास्टरपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर तो सुमारे २५ मायक्रॉन उंच दिसेल. ऑपरेटर त्यावर ऑफसेट देतो, म्हणजे टूल तेवढं जास्त कापेल असं सेट करतो, आणि संध्याकाळी गार झालेला लॉट मापाच्या खाली गेलेला असतो. ड्रम किती वेळ गार होऊ द्यायचा हे वजनावर आणि हवेवर अवलंबून आहे. एक ड्रम मशीनमधून काढून दर पाच मिनिटांनी मोजा, आकडा थांबला की तो तुमचा वेळ.

आता कॅटलॉग वाचण्याबद्दल, कारण सप्लायर तिथेच गोंधळ घालतात. रिपीटेबिलिटी (तीच जागा पुन्हा मोजल्यावर आकड्यात पडणारा फरक) २ मायक्रॉन असं ठळक अक्षरात असतं. खाली बारीक अक्षरात लिनिअ‍ॅरिटी ±०.१ टक्का फुल स्केल, म्हणजे पूर्ण रेंजमध्ये आकडा खऱ्या अंतरापासून तेवढा चुकू शकतो. २० मिमीचा ०.१ टक्का म्हणजे ±२० मायक्रॉन. तुमचा एकूण टॉलरन्स १०० मायक्रॉन आणि दहास एक हा आपला नेहमीचा नियम लावला तर मोजण्यातली चूक १० मायक्रॉनच्या आत हवी. कागदावर सेन्सर नापास! पण ती लिनिअ‍ॅरिटी पूर्ण २० मिमीच्या पट्ट्याची आहे. मास्टर नेमका १५० च्या आसपास असेल आणि जॉब त्याच्या पाच शतांश इकडे-तिकडे असतील, तर आपण त्या पट्ट्याचा फार छोटा तुकडा वापरतो आणि तेवढ्यात ती चूक सहसा बरीच कमी असते. डायलला स्लिप गेजवर (नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर) झीरो करून फरक वाचतो तसंच हे काम आहे. सेन्सर थोडा तिरका बसला असेल तरी याच कारणानं फार बिघडत नाही. ५ अंश तिरपा असेल तर १० मिमी हालचालीत ३८ मायक्रॉनची चूक येते, पण ०.१ मिमीच्या फरकात ती अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी. म्हणून जॉब रेंजच्या मधोमध ठेवा आणि एकाच सेन्सरवर १२० आणि १५० उंचीचे दोन मॉडेल चालवायचा मोह टाळा. चालवायचेच असतील तर खाली स्पेसर आणि प्रत्येकाचा वेगळा मास्टर.

आकडा थांबत नाही, त्याची दोन कारणं असू शकतात आणि ती वेगळी करणं सोपं आहे. मॅट रंग दिलेली एक सपाट पट्टी फिक्स्चरवर घट्ट बसवा. शेजारची मशीन बंद असताना एक मिनिट आकडा बघा, मग स्पिंडल चालू करून बघा. मशीन चालू झाल्यावरच नाचत असेल तर विजेचा किंवा थरथरीचा त्रास. सेन्सरला वेगळा २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) द्या, केबल मोटरच्या आणि ड्राइव्हच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नका, शील्डचं अर्थिंग सेन्सरच्या मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं करा. लांब केबलला ०-१० व्होल्टपेक्षा ४-२० मिलिअँपिअर बरं. पीएलसीचं (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) ॲनालॉग कार्ड १२ बिटचं असेल तर त्याच्या ४०९६ पायऱ्या होतात. २० मिमी त्यावर पसरले तर एक पायरी जवळपास ५ मायक्रॉनची! सेन्सर कितीही चांगला असला तरी पीएलसीला तो पाचपाचच्या उड्यांनीच दिसणार. सेन्सरमध्ये ॲनालॉग विंडो (आउटपुट रेंजच्या एका तुकड्यावरच पसरवणं) लावायची सोय असेल तर २ मिमीचीच विंडो ठेवा, पायरी अर्ध्या मायक्रॉनवर येते.

मॅट पट्टीवर आकडा शांत आणि ड्रमवर मात्र जागा बदलली की ८-१० मायक्रॉन फरक, असं असेल तर तो पृष्ठभागाचा खेळ आहे. इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. समजा फेसिंगचा फीड (एका फेरीत टूल सरकतं ते अंतर) ०.२ मिमी आणि इन्सर्टची नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) ०.८ मिमी. फीडचा वर्ग भागिले आठ गुणिले रेडियस केलं तर टूलच्या खुणेची उंची सव्वासहा मायक्रॉन येते. डायलची गोळी मोठी, ती शिखरांवर टेकते. लेझरचा ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा बारीक असेल तर तो कधी शिखरावर तर कधी दरीत पडतो. त्यामुळे डायलपेक्षा लेझर काही मायक्रॉन कमी दाखवतो आणि दोघंही खरं बोलत असतात. त्यात भर म्हणजे लेझरचा ठिपका एकसारखा उजळ नसतो, वाळू सांडल्यासारखा दाणेदार असतो. हे दाणे पृष्ठभागाच्या खरबरीतपणामुळे होतात, म्हणून जॉब हलला नाही तर तेही हलत नाहीत. सेन्सरमध्ये ॲव्हरेजिंग १००० वर नेऊन ठेवल्यानं विजेचा आवाज कमी होतो, या दाण्यांची चूक तशीच राहते.

मग जॉब फिरवा. फेसिंगची खूण म्हणजे एकच लांब सर्पिल असतं. ड्रम एक पूर्ण फेरी फिरला की ठिपक्याखालून ते सर्पिल बरोबर एक फीड सरकतं, म्हणजे शिखर-दरी सगळी एकदा येऊन जाते. एका फेरीची सरासरी घ्या, उंचीचा आकडा बराच शांत होईल, आणि कमाल-किमान वजा केलं की फेसचा रनआउटही (फिरताना फेस किती वर-खाली होतो ते) जवळजवळ फुकटात मिळेल. फिरवायची सोय नसेल तर ड्रम हातानं वळवून तीन-चार जागी मोजा आणि सरासरी घ्या.

सेन्सर कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचा हेही ड्रमच सांगतो. टर्न केलेल्या फेसवर वरून टॉर्च मारा. उजेडाचा चमकदार पट्टा खुणांना आडवा, म्हणजे मध्यातून कडेकडे जाताना दिसेल. रिसीव्हर त्या पट्ट्यात आला तर चकाकीनं आंधळा होतो आणि प्रत्येक खुणेला आकडा हलतो. म्हणून लेझर आणि रिसीव्हर यांना जोडणारी रेषा खुणांच्या दिशेनं ठेवा, ड्रमच्या परिघाला स्पर्शिकेसारखी. ब्रॅकेटला सेन्सर ९० अंशात वळवता येईल अशी भोकं आधीच पाडून घ्या आणि दोन्ही दिशांना आकडा बघून ठरवा. त्या ठिपक्याशेजारी ड्रमची उंच कड असेल तर ती रिसीव्हरची वाट अडवत नाही ना, तेही तिथल्या तिथे दिसतं.

तेल, धूळ, पाणी याबद्दल थोडक्यात. बीडाची काळी धूळ काचेवर बसते आणि बैठकीवरही. ड्रम पूर्ण प्लेटवर बसवण्यापेक्षा तीन कडक पॅडवर बसवा, कचरा अडकायला जागा कमी. पॅडवर हवा मारा, पण ती धूळ वर सेन्सरकडे उडणार नाही अशा दिशेनं. काचेवर हवेचा पडदा द्यायचा असेल तर हवा कोरडी हवी. आपल्याकडे जुलैत कॉम्प्रेसरच्या लाइनमधून अक्षरशः पाणी येतं, एफआरएलचा (हवेच्या लाइनवरच्या फिल्टर-रेग्युलेटरचा) ड्रेन रोज काढला नाही तर तुम्ही स्वतःच काचेवर फवारा मारताय. रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल मोजल्यावर लावा, आधी नको.

एक सेटिंग आजच तपासा. उजेड हरवला, म्हणजे जॉब नाही किंवा काच झाकली गेली, तर सेन्सरनं काय आउटपुट द्यायचं हे निवडता येतं. ते 'होल्ड'वर असेल तर सेन्सर मागचाच आकडा धरून बसतो. फिक्स्चर रिकामं ठेवून सायकल चालवा. हिरवा दिवा लागला तर ते ताबडतोब बदला, अलार्मला ॲनालॉग रेंजच्या बाहेर जाईल असं ठेवा. बाकी सगळं जमलं आणि हे राहिलं तर न मोजलेले ड्रम ओके म्हणून गाडीत चढतील.

आता डोळे. हा विषय शेवटी आला म्हणून कमी महत्त्वाचा समजू नका.

सेन्सरवरची पिवळी पट्टी वाचा: क्लास, मिलिवॅट आणि नॅनोमीटर. तुम्ही क्लास २ लिहिलंय. लेझर सुरक्षिततेच्या आयईसी ६०८२५-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे क्लास २ म्हणजे डोळ्याला दिसणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटरचा आणि सतत चालणारा असेल तर १ मिलिवॅटच्या आतला लेझर. त्याची सुरक्षितता एका गोष्टीवर उभी आहे: झगझगीत दिसलं की माणूस पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा मान वळवतो. म्हणजे चुकून नजर गेली तर चालतं, मुद्दाम टक लावून बघितलं तर नाही. क्लास ३आर असेल तर दिसणाऱ्या लेझरला मर्यादा ५ मिलिवॅटपर्यंत जाते आणि तिथे पाव सेकंदाचा भरवसा पुरत नाही. लाल रंग हिरव्यापेक्षा डोळ्याला फिका दिसतो, म्हणून 'एवढासा तर आहे' असं वाटतं. पॉवर पट्टीवर लिहिली आहे तेवढीच असते.

क्लास २ ला गॉगल लागत नाही, आणि घाईनं आणलेला गॉगल धोक्याचाच. वेल्डिंगची काच किंवा रस्त्यावरचा काळा चष्मा लेझरसाठी बनलेला नसतो. तो घातला की माणूस निर्धास्त होऊन जास्त जवळून बघतो. क्लास ३आर निघाला तर मात्र फिक्स्चर बंदिस्त करा, आणि अलाइनमेंटसाठी गॉगल लागलाच तर तो त्या नॅनोमीटरसाठीच बनवलेला घ्या.

तुमच्याकडे नेमकी अडचण कधी येते ते बघा. ड्रम नीट बसलेला असताना किरण वरून सरळ खाली पडतो, तेव्हा फारसं काही होत नाही. ऑपरेटर ड्रम दोन हातांनी उचलून ठेवतो तेव्हा तो क्षणभर तिरका असतो, ताजा टर्न केलेला फेस चकाकत असतो, आणि वाकलेल्या माणसाचा चेहरा बरोबर त्याच उंचीवर. उडालेला किरण तोंडावर जातो तो तेव्हा. दर ड्रमला एकदा म्हणजे शिफ्टमध्ये शेकडो वेळा! डोळे चुरचुरण्याला हेही कारण असू शकतं आणि बीडाची धूळही असू शकते. फोरमननं ते ठरवू नये, ऑपरेटरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. फॅक्टरीज ॲक्ट १९४८ च्या कलम ३५ मध्ये जास्त उजेडापासून डोळे वाचवण्याची तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली, पण कामगाराची सुरक्षितता ही मालकाचीच जबाबदारी आहे.

फिक्स्चरवर करायचं ते असं: ड्रम ठेवताना लेझर दिसताच कामा नये. बहुतेक सेन्सरना लेझर बंद करायची वेगळी वायर असते. जॉब बसल्याचं सांगणारा प्रॉक्झिमिटी सेन्सर आणि समोरच्या झाकणाचा स्विच, दोन्ही आले तरच लेझर चालू. पण डायोड दर सायकलला बंद-चालू केला तर त्याचं तापमान स्थिर होत नाही आणि सुरुवातीचे काही क्षण आकडा सरकतो. किती, ते मॉडेलवर अवलंबून आहे. चालू केल्यापासूनचा आकडा लिहून बघा. फार सरकत असेल तर लेझर चालूच ठेवा आणि सेन्सरपुढे सिलिंडरनं सरकणारी काळी मॅट पट्टी द्या, झाकण उघडलं की पट्टी आडवी. हवा गेली तरी ती आडवीच येईल अशी स्प्रिंग लावा. सकाळी सेन्सर गरम व्हायला अर्धा तास द्या, मगच मास्टर. खालची ग्राइंडिंग केलेली चकचकीत बेसप्लेट ठिपक्याच्या जागी मॅट काळी करा. बाजूंना पत्रा लावा, म्हणजे पलीकडच्या मशीनवरच्या माणसालाही किरण जाणार नाही.

काच पुसताना सप्लाय काढा. कॉटन वेस्ट किंवा रॉकेल नको, आधी ब्लोअर आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला लेन्स पेपर. काच तडकली, केसिंग उघडलं गेलं, की तो सेन्सर क्लास २ राहिला असं धरू नका, बाजूला काढा. ठिपक्याचा फोटो काढायला मोबाइल किरणात धरू नका, कॅमेरा खराब होऊ शकतो. मशीनवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवा.

हे सगळं झाल्यावर गेज आर अँड आर (मोजण्याच्या पद्धतीमुळेच आकड्यात किती फरक पडतो त्याची चाचणी) करा: १० ड्रम, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा. १० टक्क्यांच्या आत आलं तर सेन्सर ठेवा. १० ते ३० मध्ये आलं तर ग्राहकाशी बोलून ठरवा. ड्रम सगळे एकाच मापाचे घेऊ नका, प्रोसेसमध्ये जेवढा फरक येतो तेवढा त्यात हवा. आणि अभ्यास सकाळी आटोपू नका, एक फेरी दुपारी घ्या, नाहीतर ज्या ३० मायक्रॉनसाठी हे सगळं चाललंय ते कागदावर येणारच नाहीत.

दुसऱ्या लाइनसाठी सप्लायर निळा लेझर सुचवतोय असं तुम्ही म्हणता. निळ्याचा खरा फायदा लालभडक तापलेल्या धातूवर होतो, कारण तो धातू स्वतःच लाल उजेड टाकत असतो आणि लाल ठिपका त्यात बुडतो. फौंड्रीत गरम कास्टिंग मोजायचं असतं तर मीही निळाच सांगितला असता. गार, टर्न केलेल्या ड्रमला त्याचे जास्तीचे पैसे देण्याइतकं कारण मला दिसत नाही. तरी घ्यायचाच असेल तर डेमो दुपारी अडीचला, चकमधून निघालेल्या गरम ड्रमवर आणि तुमच्याच फिक्स्चरवर मागा. सकाळी दहाला क्वालिटी रूमच्या ग्रॅनाइट टेबलावर सगळेच सेन्सर चांगले चालतात.